लोणा फुटलेलं मडकं

पोपट भगतानं काचेची बरणी पाण्यानं भरली, हळद लावलेलं अंडं आत सोडलं आणि अंडं तरंगलं. देवळासमोरच्या गर्दीनं हात जोडले.

"ही बाई निर्मळ," भगत घुमत म्हणाला. "मी बोलत नाय, आई बोलते. मी नुसता तिचा भोंगा."

आईला रोज चार कोंबड्या लागत आणि त्या सगळ्या या भोंग्यातून खाली जात.

कळव्याच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्यांचा हा पाडा. स्वराज्य येऊन पाच वर्षं झाली, तरी डॉक्टर इथवर पोचला नव्हता. त्या चैत्रात हगवण-उलटीनं पाच पोरं दगावली, तेव्हा आगराच्या शेठनं मोठ्या मायेनं भगत धाडला. पाड्यात चेटकीण आहे, असं भगतानं बसल्या जागी सांगून टाकलं.

गर्दीत मागे सगुणा उभी होती. सहा वर्षांमागं अशीच साथ आली होती आणि याच भगताच्या बरणीत तिच्या आईचं, बायजाचं, अंडं बुडालं होतं. पाड्यानं बायजाला दगड मारून हाकललं. तिसऱ्या दिवशी ती तिवरांच्या चिखलात मेलेली सापडली. तेव्हापासून सगुणा हा माणूस परत येण्याची वाट पाहत होती.

आज तिची नजर बरणीवर नव्हती. भगताच्या मागे दोन मडकी होती. दोन्हींत म्हणे देवीच्या झऱ्याचं तीर्थ, पण एकाच्या पोटाला बाहेरून पांढरा लोणा फुटला होता. खारं पाणी मुरलेलं मडकं असं फुलतं, हे आगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण देवीचं मडकं म्हटल्यावर त्याच्याकडे डोळे उघडून बघतो कोण?

मग बरणीपुढे शेवंतीला उभं केलं. तरणी विधवा, मागेपुढे कुणी नाही. चेटकीण ठरायला एवढं पुरतं. भगतानं बरणी ओतून टाकली आणि दुसऱ्या, कोऱ्या मडक्यातून भरली. अंडं तळाला गेलं. बाया झटकन बाजूला झाल्या. कुणीतरी दगड उचलला.

"थांबा," सगुणा पुढे झाली. तिनं बरणी रिकामी केली, लोणा फुटलेल्या मडक्यातून भरली आणि तेच अंडं सोडलं. अंडं टुपकन वर आलं.

"आता शेवंती निर्मळ झाली काय? आता भगताचा कौल बघा." तिनं कोऱ्या मडक्यातलं पाणी घेतलं. अंडं बुडालं. "म्हंजे चेटूक भगताच्या अंगात."

"विटाळ केलास," भगत ओरडला.

सगुणानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. चाळीस वर्षं मीठ ओढलेल्या पंढरीआजाच्या तळहातावर तिनं लोणा फुटलेल्या मडक्यातलं पाणी ओतलं. म्हाताऱ्यानं चाखलं आणि थुंकला. "हे तं आपल्याच आगराचं पानी. येवढ्या खाऱ्यात अंडं बुडंल कसं?"

हात भगतावर उठले. सगुणा आडवी झाली.

"सहा वर्षांमागं माज्या आयवर हेच हात उठलेले. मी ह्याचं इसरलेली नाय, तुमचंबी नाय. आधी ह्याला पानी पाजायचंय. शेवंती, तळ्यातून लोटा भरून आन."

बायजाच्या वेळच्या साथीआधीच गोड्या विहिरीला शेठनं आपल्या आंब्याच्या कलमांसाठी कुलूप घातलं होतं, तेव्हापासून पाडा म्हशींच्या तळ्याचं पाणी पीत होता. ते पाणी गंगा आहे, खोट चेटकिणीत आहे, असं भगतानंच दोन्ही साथींत सांगितलं होतं.

"पी गंगा."

भगत मागे सरला. "त्यात म्हशी बसतात. हगवण लागंल."

आता गर्दीला उमगलं. आपली पोरं कशानं गेली, हे चेटकीण शोधणाऱ्यालाच पक्कं ठाऊक होतं.

"विहिरीचं कुलूप कुनी इचारू नये, म्हनून माजी आय मारली," सगुणा म्हणाली. "पी."

लोटा रिकामा होईस्तोवर ती हलली नाही. तिला दया आली नाही आणि तिनं ती आणायचा प्रयत्नही केला नाही. मग पंढरीआजानं पहार काढली आणि पाडा विहिरीकडे निघाला.

वाचकहो, गावावर संकट आलं की ते कुणी केलं हे विचारण्याआधी कशानं आलं ते विचारा. आणि कुणी आयतं उत्तर घेऊन आला, तर त्याला कुणी धाडलं तेही विचारा. पटत नसेल तर पोपट भगताकडे बघा. दोन दिवसांनी त्याला हगवण लागली, तेव्हा त्यानं ना अंगारा लावला, ना उतारा टाकला. पोट धरून तो तडक ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेला.