फाउस्तिनोचा शब्द

"ओ काका, सांगा की लवकर! उघडायचा का स्कीचा उतार? खाली लोक माझं डोकं खातायत!" वर उभ्या फाउस्तिनोवर खालून वायरलेसवर इबार्रा साहेब ओरडत होते. डोंगरावरचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

जूनचा दुसरा आठवडा, म्हणजे या दक्षिण गोलार्धात हिवाळ्याची सुरुवात; स्कीच्या मोसमाचा पहिलाच शनिवार. बर्फ जेमतेम गुडघाभर. एवढ्याशा बर्फाखाली खडक कुठे दडलेत हे सांगावं तर फाउस्तिनोनेच. तीस वर्षं तो हिवाळ्यात इथे नोकरी करायचा आणि उन्हाळ्यात याच डोंगरावर आपल्या शेळ्या चारायचा. दर जूनमध्ये खडक असेल तिथे तो काठी रोवायचा आणि मग त्याच्या शब्दावर उतार उघडायचा. ना कागद, ना नकाशा.

सरलेल्या उन्हाळ्यात मात्र तो वर आलाच नव्हता. गुडघे कामातून गेले म्हणून उन्हाळा लागताच, डिसेंबरात शेळ्या विकून टाकल्या होत्या. हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. शेळ्या गेलेल्या म्हाताऱ्याला इथे कोण ठेवून घेणार? काठ्या त्याने रोवल्या, पण गेल्या वर्षीच्याच जागी.

"उघडा," तो छातीठोकपणे म्हणाला.

बचाव पथकातली नेलिदा स्कीज बांधून तयारच होती. लोकांच्या आधी पहिली उतरण पथकानेच करायची, असा रिवाज.

"पडले ना काका, तर तुम्हाला अख्खी शेळी भाजून खायला घालावी लागेल मला!"

"पडलीस तर तुझ्या धांदरटपणाने पडशील. नीघ आता!"

ती हसत निघाली. दोन वळणं झोकात घेतली आणि तिसऱ्या वळणाला जमिनीने गिळल्यासारखी नाहीशी झाली.

फाउस्तिनो धडपडत तिथे पोचला आणि जागच्या जागी थिजला. पाण्याच्या लोंढ्याने माणूसभर खोल घळ पाडली होती, वर वाऱ्याने बर्फाचा पातळ थर पसरवला होता. अरे देवा! ही घळ कधी पडली? सगळा उन्हाळा ती इथेच होती आणि त्याला पत्ता नव्हता.

नेलिदा तळाशी उताणी पडली होती. शुद्धीत होती.

"काका, माझे बूट का काढलेत? पाय एकदम हलके लागतायत."

बूट पायातच होते. बकलंसुद्धा घट्ट लागलेली.

"हलू नकोस, पोरी."

तिला खाली नेऊन गाडीत घातलं, गाडी गेली. इबार्रा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणालाच दिसलं नसतं, काका. वाऱ्याने झाकलेलं. तुमची काय चूक त्यात?"

पथकातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फाउस्तिनोने एक हुंकार दिला असता तरी त्याची नोकरी वाचली असती.

"मी यंदा उन्हाळ्यात वर गेलोच नाही," फाउस्तिनो म्हणाला. "शेळ्या विकल्या. तुमच्यापासून लपवलं. काठ्या गेल्या वर्षीच्याच जागी ठोकल्यात."

साहेबांनी शेजारच्या उताराकडे बोट केलं. तिथल्या, लोकांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यापाशी दोनशे माणसं रांगेत उभी होती.

"आणि तिकडे? तिकडे बर्फाखाली काय आहे?"

"माहीत नाही."

फाउस्तिनो स्वतःच लंगडत रांगेच्या तोंडाशी गेला, हात आडवा धरला आणि पहिल्या बाईला म्हणाला, "आज नाही, बाई. मला डोंगर माहीत नाही."

मग तिच्या मागच्या माणसाला तेच सांगितलं. मग त्याच्या मागच्याला.