धोट्याची दुसरी नोकरी

मी धोटा. पोटात सुताची कांडी घेऊन कापड विणणाऱ्या लूमवर इकडून तिकडे पळणारा. भिवंडीत एके काळी माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

कामतघरच्या कारखान्यात झिजलो, तेव्हा लूम चालवणाऱ्या महादूने मला भंगारातून उचललं. टोकांचं लोखंड काढलं, लाकूड घासून गुळगुळीत केलं आणि आपल्या पूर्वाला खेळायला दिलं. चार वर्षांच्या त्या पोरीने माझं चक्क बाळ केलं! मला अंगाई, मला भात, मलाच दटावणी. एवढे लाड लूमवर जन्मात झाले नव्हते.

घराच्या भिंतीपलीकडेच लूमचा खडखडाट. म्हणून त्या घरात माया करायची तीही ओरडून. तेही ऐकू येईना, की महादू हाताने खुणा करायचा: ये, जेव, झोप.

दोन हजार चारच्या जूनमध्ये पूर्वा मला बगलेत मारून बालवाडीत गेली. तिथे डोंगरातल्या शांत पाड्यावरून नुकतीच भिवंडीत राहायला आलेली चंद्रा होती. तिची आई तुळजा कशेळीच्या गोदामात मजुरीला जायची, आणि चंद्रा रोज रडून आकांत करायची.

"ताई, आजचा दिस बघते," तुळजा बालवाडीच्या बाईंना म्हणाली. "न्हाय राहिली तर माझ्या आयेकडं पाड्यावर धाडावी लागंल. मंग मला तरी कुठं करमनार हाय?"

ती वळली आणि चंद्राने टाहो फोडला. ते बघून पूर्वाचेही डोळे भरले. ती धावत गेली आणि घरच्या रीतीने चंद्राच्या कानाशी ओरडली, "रडू नको गं! मी हाय ना!"

चंद्रा दचकून भिंतीला चिकटली. पूर्वाने मग आपलं लाडकं बाळ, म्हणजे मला, तिच्या मांडीत कोंबलं. तिने मला ढकललं. मी फरशीवरून घसरत पुन्हा पूर्वाच्या पायाशी. आता यांची जुंपणार, असंच मला वाटलं.

पण पूर्वा बघत राहिली. चंद्राचे दोन्ही हात कानांवर होते. पूर्वाने हळूच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आपल्याला जे मायेचं वाटतं, त्याचीच हिला भीती वाटते, हे त्या चिमुरडीला कळलं. मोठ्यांना कळायला जन्म जातो.

ती लांब, समोर फतकल मारून बसली. बापासारखी हाताने खूण केली, 'घे!' आणि मला सोडलं. मी सर्रकन चंद्राकडे. तिने परत ढकललं, पण या वेळी जरा हळू. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. कानांवरचे हात केव्हा निघाले ते तिलाही कळलं नाही. मग ती खुदकन हसली.

इकडून तिकडे, तिकडून इकडे! अहो, हे तर माझंच काम! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू!

संध्याकाळी तुळजा धापा टाकत आली. चंद्रा तिच्या कमरेला बिलगली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आये, उद्या पन येवाचं." तुळजाने तिला उचलून घट्ट धरलं, आणि आता रडायची पाळी तिची होती.

पुढे दोघी एकदमच मोठ्या शाळेत गेल्या. जाताना पूर्वाने मला बालवाडीतच ठेवलं, स्वतःहून. तेव्हापासून मी इथल्या फळीवर असतो. मला रंग नको, कौतुकही नको. फक्त नवं लेकरू रडत आलं, की मला खाली काढा. आणि हो, जरा हळू बोला.