मंदाकिनीची शेवटची रांग

मंदाकिनी टॉकीजचा पडदा रोज एक रांग पुढे सरकत होता. हॉलमध्ये एक जरी माणूस बसलं, तरी तो जागचा हलत नसे. खेळ रिकामा गेला की समोरची रांग खुर्च्यांसकट गिळून टाकी. पंचवीसपैकी सात रांगा उरल्या तेव्हा डोअरकीपर केशव धोत्रे मालकांकडे गेले.

"दारापर्यंत आला की काय होईल?" मालकांनी विचारलं.

"टॉकीज संपेल."

"बरं," असं म्हणून मालक पुन्हा पेपर वाचू लागले.

धोत्र्यांची अडतीस वर्षं त्या दारात गेली होती. त्याआधी वडील तिथेच होते. मूकपटाच्या दिवसांत पडद्याखाली बसून पेटी वाजवणाऱ्याच्या गोष्टी ते सांगत. पुढे लोक बैलगाड्या जुंपून खेळाला येऊ लागले, आणि दार उघडताच खुर्च्यांवर रुमाल पडू लागले. त्या झुंबडीत धोत्र्यांनी एकच नियम पाळला: रुमाल पडला की जागा त्याची. आमदारांच्या मेहुण्यालाही त्यांनी एकदा तीन तास ताटकळत ठेवलं होतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि गावाला त्यांच्याहून जास्त.

म्हणून ते गावात दारोदार हिंडले. "कुणीतरी येऊन बसा," म्हणाले. गाव हळहळलं. चौकात सभा भरली, मंदाकिनी वाचलीच पाहिजे असा ठराव झाला, दोघातिघांचे डोळेही पाणावले. मग प्रत्येकाने खिशातून रुमाल काढून धोत्र्यांच्या हातात दिला. "आमची जागा धरा, आलोच." बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण धोत्र्यांचं त्यानेच पोट भरलं. त्यांनी सातही रांगांत रुमाल टाकले.

पडदा थांबला नाही. रुमाल म्हणजे माणूस नव्हे, एवढी अक्कल त्याला होती. सहा रांगा उरल्या, चार उरल्या, दोन उरल्या. बाजारात भेटेल तो विचारी, "जागा आहे ना आमची?" जागा गेली असली तरी धोत्रे "आहे" म्हणत.

एक रांग उरली त्या दुपारी भाजीमंडईतल्या अनसूयाबाई रोकडे पाटी उतरवून दारात आल्या.

"भाऊ, बसायचंय."

"जागा नाही."

"अहो, आत चिटपाखरू नाही."

"रुमाल आहेत, बाई."

"आणि माणसं?"

"येतील."

"मग मी उभ्याने बघते."

"उभ्या माणसाला पडदा जुमानत नाही."

बाईंनी खेळ सुरू होईपर्यंत वाट पाहिली आणि पाटी उचलून पायऱ्या उतरल्या. धोत्र्यांना त्या घटकेला सगळ्या गावाची शिसारी आली, आणि गावाच्या आधी स्वतःची. इतक्या दिवसांत एकच माणूस बसायला आलं होतं, आणि त्यालाच त्यांनी घालवलं होतं.

"बाई, परत या," त्यांनी हाक मारली. "कुठंही बसा."

बाई वळल्या आणि तिथेच थांबल्या. धोत्र्यांनी मागे पाहिलं. पडदा दाराच्या चौकटीत ताणून बसला होता. त्यावर खेळ चालू होता: पंचवीस रांगा खुर्च्या आणि प्रत्येकीवर एक रुमाल. बघता बघता पडद्याने वरची पायरी घेतली. धोत्रे दुसऱ्या पायरीवर आले. चौकात दुकानांच्या फळ्यांपुढे गाव उभं होतं, आणि पडदा पुढे येईल तसं सगळं गाव पुढच्या पायऱ्यांवर रुमाल टाकून अदबीने एकेक पाऊल मागे सरत होतं.

अनसूयाबाईंनी पाटी खाली ठेवली, लुगडं सावरलं आणि शेवटच्या पायरीवर पडद्याकडे तोंड करून बसल्या. पडदा थांबला.

"बाई," गर्दीतून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "तिथं आमचा रुमाल आहे."

सगळा चौक धोत्र्यांकडे बघू लागला. त्यांच्या हातातली बॅटरी सवयीने लागली, आणि बाईंच्या लुगड्याखालून बाहेर आलेल्या पांढऱ्या कोपऱ्यावर तिचा उजेड जाऊन थांबला.