धाकू परबांचं गाऱ्हाणं

परबांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागत. मी घड्याळ लावून मोजली होती. तेवढ्या वेळात अक्षता दूध पिऊन, वेणी घालून, आईशी एकदा भांडून परत येई, तरी पडद्यावर ते गोल फिरतच असे.

"रविवारी आपण विंडोज नव्याने टाकू," मी तिला म्हणाले. "तू टाकायचंस. मी नुसती बाजूला बसेन."

ती अकरा वर्षांची. मी महापालिकेच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे; निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, पण घाटकोपरच्या भटवाडीतल्या आमच्या मजल्यावरची मुलं अजून मला बाईच म्हणतात, आणि मलाही शिकवल्याशिवाय करमत नाही.

रविवारी दुपारी दोन पेनड्राइव्ह आणि लागलीच तर म्हणून एक नवी डिस्क घेऊन गेले, तर अक्षताचे वडील सुबोध दारातच उभे.

"बाई, सगळं उडवा, पण आबांचं गाऱ्हाणं तेवढं वाचवा. नाहीतर गावात मला तोंड दाखवायला जागा नाही."

आबा म्हणजे त्यांचे वडील, धाकू परब. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्या कोकणातल्या गावी जत्रेच्या दिवशी देवळासमोर उभं राहून सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान परबांचा. एक माणूस मागणं मागतो, जमलेले लोक एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणून जबाब देतात, मग तो पुढचं मागणं मागतो. यालाच गाऱ्हाणं म्हणतात. परबांच्या गाऱ्हाण्याचे शब्द कुठे लिहिलेले नव्हते. बापाने म्हणायचे, मुलाने ऐकून उचलायचे. सुबोध घाटकोपरात वाढले, त्यांचं ते राहून गेलं. शेवटी आबांनीच एका दुपारी, घरात कोणी नसताना, कॉम्प्युटरसमोर बसून ते स्वतःच्या आवाजात भरून ठेवलं. बटण कुठलं दाबायचं ते अक्षताने सकाळी शाळेला जाताना दाखवून ठेवलं होतं. पुढे महिन्याभरात आबा गेले. गेल्या वर्षी चुलत्यांनी कसंबसं निभावलं. या वर्षी सुबोधनी उभं राहायचं होतं. जत्रा बारा दिवसांवर आली होती आणि त्यांना पहिल्या ओळीपलीकडे काही येत नव्हतं.

"मग आतापर्यंत ऐकून पाठ का नाही केलंत?"

"वाजतच नाही ना बाई! पहिलं मागणं होतं की अडकतं. मशीनचीच वाट लागलीय."

"मशीनला कशाला नावं ठेवता?" स्वयंपाकघरातून अक्षताची आई नलिनी म्हणाली. "आबा रोज सांगायचे, सुबोध, बस, शिकून घे. हे आपले मॅच बघत."

मी ती फाइल लावून पाहिली. आधी खोकला, मग आबांचा तो जाड, घशातून येणारा आवाज. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत. तेंच्या हातसून काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल रे म्हाराजा!"

आणि शांतता. खालची पट्टी जागच्या जागी थांबली. पाच मिनिटं गेली तरी हलेना.

"वाजली नाही तरी कॉपी होईल," मी अक्षताला म्हणाले. "घर रंगवायचं तर आधी काय करतो? सामान बाहेर काढतो. तसं हे आधी बाहेर काढू. मग आतलं सगळं पुसू."

तिने फाइल पेनड्राइव्हवर टाकायला घेतली. हिरवी पट्टी सरसर अठरा टक्क्यांवर गेली आणि थांबली. डब्याच्या आत डिस्क टकटक करू लागली. मला तो आवाज ओळखीचा होता. डिस्क फार दिवसांची सोबती नव्हती.

"आबा थांबलेत," अक्षता म्हणाली. सर्दीने तिचा आवाज पार घोगरा झाला होता. "जबाब मिळाल्याशिवाय ते पुढे जायचेच नाहीत. मी जेवत असले तरी मला म्हणायला लावायचे." आणि सहज, कोणी हाक मारल्यावर ओ द्यावी तशी, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

पट्टी पुढे सरकली.

मी हसले. तिला समजावून सांगितलं, की डिस्कचा एखादा भाग खराब झाला की मशीन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतं, आणि कधीतरी ती वाचता येते. तू त्याच वेळी बोललीस, एवढंच. तिने मान डोलावली.

एकोणचाळीस टक्क्यांवर पट्टी परत थांबली.

"आता काही बोलू नकोस," मी म्हणाले. "प्रयोग करून बघू. असं काही वाटलं की नेहमी प्रयोग करावा."

आम्ही सहा मिनिटं गप्प बसलो. डिस्क टकटकत होती. मग मी खूण केली, आणि ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." पट्टी चालू लागली.

अठ्ठावन्नवर मी तिला म्हणाले, "आता वेगळं काहीतरी म्हण."

"काय म्हणू? झाडावर पोपट?"

"म्हण."

"झाडावर पोपट," ती म्हणाली आणि फिसकन हसली. पट्टी ढिम्म. तिचं हसू ओसरलं. "व्हय म्हाराजा," ती हळू म्हणाली, नेमकी तेव्हाच नलिनीच्या कुकरची शिट्टी झाली, आणि पट्टी सरकली.

सुबोध मागे येऊन उभे राहिले होते. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीत लख्ख ऊन होतं, खाली रिक्षावाले कोणाला तरी शिव्या घालत होते. तरी मी खुर्ची पडद्यापासून जरा मागे ओढली. सत्त्याहत्तरवर अक्षताने मला विचारलंसुद्धा नाही. जबाब दिला आणि पट्टी गेली.

तेव्हा माझ्या मनात आलं, की ही हो तर म्हणते आहे, पण कशाला?

वर्गात मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेतली. पडद्यावर लांबलचक मजकूर येतो आणि खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. वाचल्याशिवाय ते दाबायचं नाही. आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर ही पोर न ऐकलेल्या मागण्यांना एकामागून एक होकार देत होती.

शहाण्णव टक्के. पट्टी थांबली. अक्षताने तोंड उघडलं आणि मी तिच्या ओठांवर हात ठेवला.

"नको."

"अहो बाई, चारच टक्के उरलेत," सुबोध म्हणाले.

"आबा काय मागताहेत ते कोणाला माहीत आहे?"

"देवाकडे काय वाईट मागणार आहेत ते?"

"मग तुम्ही म्हणा जबाब."

सुबोधनी पडद्याकडे पाहिलं. "मला..." ते म्हणाले, आणि खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

आम्ही वीस मिनिटं थांबलो. डिस्कची टकटक वाढत गेली, मग तिच्यात एक घासल्यासारखा सूर मिसळला. ती आता कुठल्याही क्षणी बंद पडली असती, आणि आबांचे शब्द तिच्याबरोबर गेले असते. अक्षता माझ्या हाताखाली चुळबुळत होती. तिला म्हणायचंच होतं.

मी हात काढला नाही. मीच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पट्टी भरली. डिस्क शांत झाली.

पुढचं सगळं पुस्तकात असतं तसं झालं. जुनी डिस्क काढून मी आणलेली नवी बसवली. अक्षताने दुसऱ्या पेनड्राइव्हवरून विंडोज सुरू केलं, भाषा निवडली, कराराचं पान आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे वाचायचं ना?" आम्ही वाचलं. तासाभरात नवाकोरा निळा पडदा आला. मशीन आता अर्ध्या मिनिटात सुरू होत होतं. सुबोध वही-पेन घेऊन बसले आणि तिने गाऱ्हाणं लावलं.

खोकला. पहिलं मागणं. आणि मग, जिथे आधी शांतता होती तिथे, घोगऱ्या आवाजात, "व्हय म्हाराजा."

अक्षताने माझा हात घट्ट धरला.

"मुंबैक ऱ्हवतत तेंचो कामधंदो बरो चलांदे रे म्हाराजा!" परत तिचाच आवाज, सर्दीने बसलेला. तिसऱ्या मागण्यात वाईट नजर दूर करायला सांगितलं होतं. त्याच्या जबाबामागे कुकरची शिट्टी ऐकू आली. नलिनी हात पुसत बाहेर आली होती, ती तिथेच थांबली. चौथं पोरांना बुद्धी दे म्हणून. फाइलवरची तारीख मी पुन्हा पाहिली. दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर.

"आणि म्हाराजा," आबा म्हणाले, आता जरा हळू, जवळून, "माझ्या झिलाक, सुबोधाक, ह्या येवचा नाय. तेका दोष नाय. म्हणान ह्या शेवटच्या गाऱ्हाण्याक जो कोण जबाब देईत, तोच फुडल्या जत्रेक माझ्या जाग्यार उभो ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," माझा आवाज म्हणाला.

सुबोधनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीखाली सुटल्याचा आनंद होता, तो त्यांना लपवता येत नव्हता.

"बाई," नलिनी पुटपुटली, "देवळापुढे बाईमाणूस उभं राहून..."

"अजून संपलं नाही," अक्षता म्हणाली.

पट्टी खरंच पुढे जात होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. कोणीतरी ऐसपैस बसल्यासारखा एक उसासा.

"तर बाई," आबा म्हणाले, "सुरवात करूया. माझ्या मागसून म्हणा. बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत."

आणि ते थांबले. पट्टीही थांबली. नवी डिस्क, नवं विंडोज, अडकायला काही कारणच नव्हतं. सुबोधनी वही माझ्यापुढे सरकवली. तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी घसा साफ केला. "बा देवा म्हाराजा," मी म्हणाले, "आज तुझी लेकरं तुझ्या पायाकडे आली आहेत."

पट्टी सरकली. माझं चुकलं असावं, कारण आबांनी तीच ओळ पुन्हा सांगितली, आधीपेक्षा सावकाश.