भट्टीपाशी ठेवलेली मबरूका

सापाला ऊब लागते, एवढंच मला ठाऊक. म्हणून तुदा गेल्यावर तिची मबरूका मी पेटीसकट भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवली. हमामची, म्हणजे गावच्या न्हाणीघराची, भट्टी माझीच, तीस वर्षं तिच्यात लाकडं सारतोय. अख्ख्या तारूदांतमध्ये याहून उबदार जागा दाखवा की मला!

तुदा माझी बायको. वीतभर पिल्लू होतं तेव्हापासून ही अजगराची मादी तिनंच वाढवली. ती रोज पेटीत ओलं फडकं घालायची आणि मी हसायचो.

यंदा मबरूकाची कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. डोळ्यांवरची तर निघालीच नाही, पांढरी होऊन चिकटली. दोन महिने पोटात घास नाही. मी ऑलिव्हचं तेल चोळलं. आमच्याकडे खोकल्यापासून गुडघ्यापर्यंत सगळ्याला तेच लावतात! कात आणखीच चिकटली. शेवटी डोळ्याला नख लावणार, एवढ्यात इज्जा आली. ही पलीकडे हमामात बायकांची अंगं घासते.

"हात काढ, हम्मादीदादा! कोरडी कातडी खरवडतोस? आंधळी करशील की तिला!"

"मग काय करू?"

"भट्टीपाशी ठेवलीस? धन्य आहे बाबा तुझी! त्या कोरड्या धगीनं सुकलीय ती, म्हणून कात चिकटली. मी तरी कुणाला भिजू दिल्याशिवाय हात लावते का?"

पेटी उचलून ती निघालीसुद्धा. बायकांच्या वेळेला मला तिकडं मज्जाव. मी आपला भिंतीतल्या झरोक्यातून ओरडायचो, "जिवंत आहे ना गं?"

"आहे! तू लाकडं बघ!"

बाई मोठी कामाची हो! आतल्या कढत खोलीत नाही, बाहेरच्या कोमट खोलीत तिनं पेटी ठेवली, हे मला मागाहून कळलं. तेल हलक्या हातानं पुसलं. गोणपाट भिजवायचं, घट्ट पिळायचं, मगच अंथरायचं. खाली पाण्याचा टिपूस साचू द्यायचा नाही. मबरूका अख्खी बसेल एवढी पाण्याची परात. झाकणाला वाऱ्यापुरती भोकं. दर दोन तासांनी हात घालून ओल बघायची, पण कातेला बोट लावायचं नाही. मला तर एवढा धीर सात जन्मांत धरवला नसता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पेटी घेऊन आली. नाकापासून शेपटीपर्यंत उरलीसुरली कात निघाली होती, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. मबरूका परातीत तोंड बुडवून घटाघटा पाणी पीत होती. मला रडूच फुटलं.

"इज्जा, तुझे हात का थरथरतायत?"

"सापाची भीती वाटते मला. पोरवयापासून. धर लवकर ती पेटी."

"अगं, मग तीन दिवस हात कशाला घातलेस?"

तिनं डोक्यावरची ओढणी नीट केली.

"तुदाला शेवटची अंघोळ मीच घातली, दादा. तेव्हा तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हिच्यासाठी होतं."