आकोर्फाच्या गालांवरचे वांग

पासपोर्टचे फोटो काढायला आलेल्या त्या गिऱ्हाइकाची खरं तर काहीच चूक नव्हती. त्याला फक्त आपली टोपी हवी होती. तो आकोर्फाला म्हणाला, "तुमच्या धाकट्या बहिणीला जरा उठायला सांगता का? माझ्या टोपीवर बसल्यात त्या."

टोपीवर बसली होती ती आफी. आकोर्फाची सख्खी बहीण, पण धाकटी नव्हे, चांगली सात वर्षांनी मोठी. बाजाराच्या दिवशी ती फोडोमे गावाहून गारीची, म्हणजे भाजलेल्या कसावा-कंदाच्या रव्याची, पोती घेऊन होहोए शहरात यायची आणि पोती विकून झाली की बहिणीच्या स्टुडिओत पंख्याखाली टेकायची. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकून ती जी हसत सुटली, ती टोपी हातात घेऊन हसतच राहिली. आकोर्फाने त्या माणसाचे चार फोटो काढले आणि चारही वाकडे आले.

आकोर्फाला राग आफीचा नव्हता, हा प्रकारच समजत नव्हता. आफी बाराव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेली. कसावाचा कीस मोठ्या कढईत भाजायचा, तासन् तास ढवळायचा, धूर सरळ तोंडावर घ्यायचा. चौपन्नाव्या वर्षी तिचा चेहरा खरं तर कढईच्या बुडासारखा व्हायला हवा होता. तो होता नुकत्याच धुतलेल्या वांग्यासारखा, तुकतुकीत. आणि आकोर्फा? वीस वर्षं सावलीत, पंख्याखाली, महिन्याला क्रीमची एक डबी संपवणारी. तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी वांग पसरले होते. दिवसभर ती संगणकावर लोकांचे डाग पुसायची. नवऱ्यामुलींचे, पाद्र्यांचे, मेलेल्यांचेसुद्धा. स्वतःचे मात्र तिला जमेनात.

त्याच आठवड्यात तिने भावाच्या मुलीला, सेफाकोरला, बोलावून घेतलं. सेफाकोर फोनवरून क्रीमं विकायची. एक पिशवी भरून बाटल्या घेऊन ती आली आणि तिने त्या काउंटरवर ओळीने मांडल्या.

"आधी हा फेसवॉश. मग टोनर. मग सीरम, तीनच थेंब. मग हे मॉइश्चरायझर. आणि सकाळी शेवटी सनस्क्रीन. क्रम चुकवायचा नाही, आंटी."

"चुकला तर?"

"तर उपयोग नाही."

"आणि नाही चुकला तर आहे?"

"आंटी, तू ना! सहा आठवडे कर, मग बोल."

"यात गोरं करणारं काही नाही ना गं? पलीकडच्या गल्लीतली ती शिंपीण बघ, तोंड एका रंगाचं आणि कान दुसऱ्या."

"शप्पथ नाही. मी तसलं ठेवतच नाही."

आकोर्फाचा विश्वासही बसेना आणि मोहही सुटेना. तेव्हा तिने आपल्या धंद्याला शोभेल असा मार्ग काढला. हे सगळं फक्त उजव्या गालाला लावायचं. डाव्या गालाला नुसतं पाणी आणि नेहमीचा काळा साबण. दर सोमवारी सकाळी त्याच स्टुलावर, त्याच दिव्याखाली स्वतःचा फोटो काढायचा. सेफाकोर म्हणाली, "अर्धाच चेहरा उजळला तर?" आकोर्फा म्हणाली, "तर निदान कळेल तरी."

चौथ्या सोमवारी तिने चारही फोटो शेजारी शेजारी लावले. उजवा गाल स्पष्ट उजळला होता. तिने टाळीच वाजवली. मग तिची नजर दिव्याकडे गेली. दिवा उजवीकडे होता, दुकान उघडलं त्या दिवसापासून. तिने तो ओढत डावीकडे नेला आणि पुन्हा फोटो काढला. आता डावा गाल उजळला होता.

मग तिने लोकांना विचारायला सुरुवात केली, काय केलंय ते न सांगता. "माझा कुठला गाल बरा दिसतो?" पाद्रीबाई म्हणाल्या, "डावा. चमकतोय अगदी. देवाची कृपा." केळी विकणारी म्हणाली, "उजवा," आणि लगेच, "का गं, दात दुखतोय का?" ट्रोट्रो गाडीच्या ड्रायव्हरने दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून पाहिलं आणि सांगितलं, "मॅडम, गाल दोन्ही सारखेच. पण तुम्ही बारीक झालात."

त्यात सेफाकोरने आणखी घोळ घालून ठेवला होता. पहिल्याच दिवशी तिने आकोर्फा क्रीम लावते आहे असा व्हिडिओ काढला होता, गिऱ्हाइकांना दाखवायला. आकोर्फा रोज सकाळी आरशापुढे तोच व्हिडिओ लावून क्रम पाहायची. पाचव्या आठवड्यात तिच्या ध्यानात आलं की फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने चित्र आरशासारखं उलटं केलंय. व्हिडिओत क्रीम डाव्या गालाला लागत होतं. म्हणजे ती व्हिडिओतल्या बाईच्या हाताकडे बघून लावत होती, की आरशातल्या बाईच्या? सुरुवातीचे काही दिवस तिने उजवीकडेच लावलं होतं, हे नक्की. नंतरचं तिला छातीठोकपणे सांगता येईना. जन्मभर उलटी-सुलटी चित्रं हाताळलेली बाई, आरशापुढे उभी राहून एकदा हा हात, एकदा तो हात वर करून बघत होती. शेवटी तिने बाटल्या पिशवीत कोंबल्या, स्टुडिओला कुलूप लावलं आणि फोडोमेची गाडी पकडली.

आफीला तिने सांगितलं, "चार दिवस मदतीला आलेय. गारीचा हंगाम आहे ना."

आफीने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "तू? मदतीला? काय झालं, नवऱ्याशी भांडलीस?"

"छे! त्याचं काय."

"मग दुकान जळलं?"

"ताई, बहिणीकडे यायला कारण लागतं का?"

"तुला लागतं," आफी म्हणाली आणि तिच्यापुढे सोलायला कसावाचा ढीग ओतला.

आकोर्फा आली होती पाळत ठेवायला. आफी तोंडाला काय लावते ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. विचारून झालं होतं, आफीचं उत्तर कायम एकच, "पाणी." यावर कोण विश्वास ठेवणार? पहिल्या सकाळी आफीने काळ्या साबणाने तोंड धुतलं. दुसऱ्या सकाळी साबण सापडेना, तर कपड्यांच्या वडीने धुतलं. तिसऱ्या सकाळी धुतलंच नाही, कमरेच्या कापडाच्या टोकाने पुसलं आणि चूल पेटवली. शियाच्या बियांचं लोणी घरात होतं, पण ते तिने टाचांना चोळलं. क्रम नाही, वेळ नाही, काही नाही. आकोर्फाला वाटलं, ही मुद्दाम करतेय. मी बघतेय हे हिला कळलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र चोर सापडला. कढई उतरवून झाल्यावर आफीने इकडे तिकडे पाहिलं, कमरेच्या गाठीतून एक छोटी पत्र्याची डबी काढली आणि पोत्यांच्या आडोशाला गेली. आकोर्फा दबकत मागे गेली. आफीने डबीत बोट बुडवलं, तोच आकोर्फाने तिचं मनगट धरलं.

"पाणी काय! पाणी!"

आफीला एवढ्या जोराची शिंक आली की डबी खाली पडली. आत तपकीर होती.

"कुणाला सांगू नकोस," आफी नाक पुसत काकुळतीने म्हणाली. "मी चर्चमध्ये महिला मंडळाची अध्यक्ष आहे. नऊ वर्षं झाली, पोरांनासुद्धा माहीत नाही."

आकोर्फा मटकन पोत्यावर बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. क्षणभर, फक्त क्षणभर, तिच्या मनात खरंच आलं की कदाचित तपकिरीनेच... आफीने तिचा चेहरा वाचला असावा. "वेडी आहेस का तू? हे नाकात घालतात!"

मग दोघी हसल्या. आणि हसता हसता आकोर्फाने सगळं सांगून टाकलं, टोपीवाल्यापासून अर्ध्या चेहऱ्यापर्यंत. आफी ऐकत गेली तसतसं तिचं हसणं कमी होत गेलं.

"तू हे वांग घालवायला निघालीस?"

"मग काय मिरवू?"

आफीने हात झाडले, पुढे येऊन बहिणीची हनुवटी धरली आणि उजेडाकडे वळवली. "आईला अगदी इथेच होते. तू झालीस त्यानंतर आले. मी सात वर्षांची होते, मला आठवतंय. आधी हा आला, डोळ्याखालचा, मग हे पसरलं. मला तिच्यातलं काहीच मिळालं नाही, आकोर्फा. मी आबांवर गेले. तू दुकानात वळून बघतेस ना, तेव्हा मला आईच दिसते. म्हणून तर येते मी. पंखा काय, बाजारातही आहे."

आकोर्फाचा हात आपोआप डोळ्याखाली गेला.

"तिच्या मयताच्या फलकावर ते नव्हते," आफी म्हणाली. "तू पुसलेस."

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मयताआधी चौकात लावतात तो मोठ्या फोटोचा फलक आकोर्फानेच केला होता. सगळ्यांचे करते तसा. आईचा चेहरा मोठा केला, गालांवरून माउस फिरवला आणि सगळं साफ केलं. लोक म्हणाले होते, किती सुंदर आलाय.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तू रडत रडत केलं होतंस. काय बोलणार? पण मला त्या फलकापुढे रडू येईना. कुणीतरी दुसरीच बाई वाटत होती."

चौथ्या दिवशी आकोर्फा परत आली ती थेट संगणकापुढे बसली. आईचा मूळ फोटो तिने तीन ठिकाणी शोधला. जुन्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर, नवऱ्याच्या लॅपटॉपवर. सगळीकडे तोच पुसलेला चेहरा. सुधारलेला फोटो तिने मूळ फोटोच्या जागीच साठवला होता. कागदावरचा एक जुना फोटो सापडला, पण त्यात आईने उन्हासाठी डोक्यावरून कापड ओढलं होतं आणि गाल सावलीत होते. डोळ्याखाली डाग आहे की कागदाला बुरशी लागलीय, तेही तिला ठरवता येईना.

पुढच्या सोमवारी ती सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी आधी बाटल्या तपासल्या. गोरं करणारं काही नाही म्हटल्यावर त्यांचा सूर मऊ झाला.

"सनस्क्रीन ठेवा. ते खरंच काम करतं. वांग उन्हाने वाढतात, आणि चुलीच्या आचेनेही. सौम्य साबण पुरे. मॉइश्चरायझर कोरड्या हवेत बरं."

"आणि सीरम?"

"काहींना फरक पडतो. हळूहळू. काहींना नाही."

"मला पडेल का?"

"सहा महिन्यांनी सांगता येईल."

"टोनर?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "लावल्यावर बरं वाटतं का?"

"थंड वाटतं."

"मग लावा."

"मॅडम, माझी बहीण चाळीस वर्षं आचेपुढे बसलीय. काही लावत नाही. तिला एक डाग नाही."

"जन्मजात असतं काहींचं. असं का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही." त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आकोर्फा दवाखान्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. आपण काय ऐकायला आलो होतो, हे तिला आठवेना. औषध चालतं असं? की चालत नाही असं? नाही चालत म्हणाल्या असत्या तर किती बरं झालं असतं. बाटल्या टाकून दिल्या असत्या आणि आईचा चेहरा आपोआप राहिला असता. आता कदाचित चालेल म्हटल्यावर लावायचं की नाही, हे तिचं तिलाच ठरवायला हवं होतं.

ठरवलं असं काही तिने नाहीच. सनस्क्रीन लावू लागली, दोन्ही गालांना, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. सीरम एक दिवस लावायची, दोन दिवस विसरायची. दोन महिन्यांनी वांग थोडे फिकटले. सेफाकोर नाचतच आली.

"बघ! सांगितलं होतं ना! आंटी, एक फोटो दे, मी टाकते सगळीकडे."

"कशाने गेले तुला ठाऊक आहे का? मी तर निम्मे दिवस विसरले."

"गेले ना? मग झालं!"

"गेले नाहीत. कमी झालेत."

"तेच ते."

"तेच नाही गं," आकोर्फा म्हणाली, पण वेगळं काय आहे ते तिला पोरीला समजावता येईना. फोटो तिने दिला नाही. सेफाकोर फुरंगटून गेली.

त्या संध्याकाळी आफीचा फोन आला. पाऊसपाणी झालं, पोरं झाली, महिला मंडळातली भांडणं झाली. मग आफी जरा घुटमळली.

"अगं, तुझं ते पांढरं क्रीम. शेवटी शेवटी लावायचं ते."

"मॉइश्चरायझर?"

"तेच. ते हातांना चालतं का? कढईच्या वाफेने माझी बोटं फुटलीत. शियाने थांबत नाहीये यंदा. रक्त येतं."

"एवढे दिवस बोलली नाहीस!"

"तू गालांमध्ये गुंतली होतीस. चालतं का सांग."

"मला माहीत नाही, ताई," आकोर्फा म्हणाली. "खरंच माहीत नाही. लावून बघ."

"उजव्या हाताला लावू की डाव्या?" आफीने विचारलं, आणि पलीकडून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकोर्फाने मॉइश्चरायझरची बाटली कागदात गुंडाळली, फोडोमेच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिली आणि बजावलं, "हातातच दे तिच्या. आणि सांग, दोन्ही हातांना लावायचं."