काकांच्या मुठीत ऐकलेला खेळ

मी एक जुना चोक आहे, मित्रांनो. बोटभर पोलादी नळी. छऱ्याच्या बंदुकीच्या तोंडाला मला फिरवून बसवतात आणि मग...

थांबा. आधी भावाबद्दल सांगतो. माझं तोंड आवळलेलं, म्हणून माझ्यातून सुटलेले छरे लांबवर एका झुबक्यात जातात. भावाचं तोंड सैल. त्याचे छरे जवळच पसरतात. एका कारखान्यात कातलेले आम्ही दोघे, एका मखमली पेटीतले.

ती पेटी एका संस्थानिकाच्या शिकारखान्यात होती. संस्थानं विलीन झाली, सामान विकलं गेलं आणि आम्ही बंदुकीसकट बुऱ्हाणपूरजवळच्या जसोंडीला आलो. चुडामणकाकांच्या केळीच्या मळ्यात! खरं सांगू? माझे चांगले दिवस तिथेच आले. रानडुकरं लांबूनच टिपायची, म्हणून काकांना मीच लागे. आल्यागेल्याला ते माझं तोंड कौतुकाने दाखवत. भाऊ पेटीत पडून.

मग मंगला. काकांची पुतणी, सोळा वर्षांची. तिला थाळीचं वेड लागलं. यंत्र मातीची थाळी हवेत भिरकावतं, ती पडण्याआधी फोडायची. पूर्वी हा राजेरजवाड्यांचा खेळ. आता कुणालाही नाव देता येत होतं. राज्याच्या संघासाठी इंदूरला निवडचाचणी ठरली. काका नको म्हणत होते.

"जाऊ द्या की पोरीला," सरुबाईकाकू म्हणाल्या. "डुकरं काय इंदूरला येऊन तुमची केळी खाणार हायेत?"

काका हसले, पण अट घातली. "एकच डाव. निवड नाही झाली, तर बंदूक मळ्यात अन् तू चुलीपाशी. मंजूर?"

"मंजूर, काका."

सराव अर्थात माझ्यावर. थाळ्या निसटत. मंगलाचा नेम चांगला, तरी निसटत. मला वाटे, दोष पोरीचा.

एका सकाळी तिने केळीची दोन पानं टांगली, थाळी असते तितक्याच अंतरावर. एकावर माझा बार. दुसऱ्यावर भावाचा. मग दोन्ही पानं उन्हासमोर धरली. माझ्या पानात एकच फाटकं भगदाड. भावाचं पान चाळणीसारखं. सगळीकडून ऊन गळत होतं.

थाळी याच भगदाडाच्या बाजूने निसटते, हे तिने ओळखलं. मीही.

इंदूरच्या मैदानावर तिने मला बंदुकीवरून काढून भावाला बसवलं तेव्हा काका भडकलेच.

"डुकराला लोळवणारा चोक काढून ते बोळकं लावते? नाक कापशील वं चार माणसांत!"

"काका, मेथीचं बी वाफ्यात फोकताना मूठ आवळता का तुम्ही?"

काकांनी मला उचललं आणि मुठीत धरलं. पुढचं मी पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

ठो. टाळी.

ठो. टाळी.

ठो. शांतता. चुकली! मूठ इतकी आवळली की माझे आटे तळव्यात रुतले.

ठो. ठो. फुटल्या मातीचा आवाज. कुणीतरी "क्या बात है!" म्हणालं.

एक बोट सैल झालं. मग दुसरं.

ठो.

ध्वनिक्षेपकावर निवडलेल्यांत नाव आलं: मंगला, बुऱ्हाणपूर. मूठ उघडली. ऊन. काकांच्या तळव्यावर माझ्या आट्यांच्या गोल खुणा उमटलेल्या, आणि त्यांचे डोळे ओले.

"पोरी," ते एवढंच म्हणाले, "पुढच्या हंगामात मेथी तूच फोक."

मंगला धावत आली. हातातली बंदूक बाजूला ठेवून तिने आधी मला घेतलं, तेलाच्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं. "हा लांबचा गडी," म्हणाली. "याचं काही चुकलं नाही. काम वेगळं होतं."

मित्रांनो, कामाला आली ती वस्तू सगळेच जपतात. बाजूला काढली तिलाही तेलाचा हात लावा. मी आज इतका म्हातारा, पण माझ्यावर गंजाचा ठिपका नाही. जिने मला काढलं, तिनेच मला गंजू दिलं नाही.